संगणकाला रेघ कशी सांगावी?

मंडळी, नव्या घराचा पाया आखताना गवंडी काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. एका कोपऱ्यावर तो खुंटी ठोकतो, तेथून दोरी ताणतो, अंतर मोजून दुसरी खुंटी ठोकतो, मग गुण्या लावून तिसरी आणि चौथी. चौकट पुरी झाली की दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात आली. नाही भरले तर खुंटी सरकवावयाची आणि पुन्हा मोजावयाचे.

या कामात गवंडी रेघ काढीत बसत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्या. तो फक्त जागा ठरवतो. दोन जागा ठरल्या की त्यांच्यामधली रेघ दोरीने आपोआप मिळते. संगणकावर आराखडा काढण्याचे काम नेमके याच रीतीने चालते. तेथे हात किती सफाईने चालतो याला महत्त्व नाही. जागा कोणती, अंतर किती, दिशा कोणती, हे बिनचूक सांगता येणे याला महत्त्व आहे. साधे आकार यंत्राला कसे सांगावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

पण हे आपण शिकावे कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पूर्वी आराखडा कागदावर काढीत आणि तो मिस्त्रीच्या हाती जाई. मिस्त्री अनुभवी असे. कागदावर एखादे भोक चुकीच्या जागी दिसले तर तो ते कापण्याआधीच थांबे आणि विचारी, "हे असे कसे बसणार?" कागदावरच्या कितीतरी चुका अशा मिस्त्रीच्या नजरेत अडकून पडत. आता औद्योगिक वसाहतींतून पत्रा आणि जाड प्लेट कापणारी जी यंत्रे आली आहेत, ती संगणकावरचा आराखडा घेऊन त्याबरहुकूम कापतात. ती विचारीत नाहीत. आपण दहाच्या जागी शंभर सांगितले तर ती शंभरच कापतील. म्हणजे आराखडा काढणाऱ्या मुलाने टाकलेला आकडा हा पुष्कळ वेळा शेवटचाच आकडा असतो. प्लेट फुकट जाते, मजुरी बुडते आणि नाव खराब होते ते वेगळेच. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणारी खेड्यांतली मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या वडीलमंडळींना आणि शिक्षकांना या कामाचे मर्म ठाऊक असावे, हे बरे.

थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या तरुणाने १९६३ साली 'स्केचपॅड' नावाची एक योजना आपल्या प्रबंधात मांडली. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून त्याने रेषा आणि वर्तुळे काढून दाखवली. ज्या यंत्रावर त्याने हे काम केले ते सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. पुढे टेबलावर मावणारे लहान संगणक आले, आणि १९८२ च्या अखेरीस 'ऑटोकॅड' नावाचा कार्यक्रम बाजारात आला. संगणकाच्या भाषेत कार्यक्रम म्हणजे यंत्राकडून एखादे काम करून घेण्यासाठी लिहिलेल्या सूचनांचा संच. ऑटोकॅडसाठी पैसे मोजावे लागतात. 'लिब्रेकॅड' नावाचा कार्यक्रम मोफत मिळतो, आणि साध्या आकारांच्या सरावाला तो पुरेसा आहे. मी येथे ज्या आज्ञा सांगणार आहे त्या ऑटोकॅडच्या आहेत. दुसऱ्या कार्यक्रमांत आज्ञेची लघुरूपे थोडीफार वेगळी असतात, पण रीत तीच.

आता पडद्यावरचा कागद समजून घेऊ. शेताची मोजणी करताना बांधाच्या कोपऱ्यावरचा एक पक्का दगड धरून तेथून मापे घेतात. संगणकाच्या कागदावरही असा एक मूळ दगड असतो. त्याचे नाव शून्य, शून्य. तेथून उजवीकडे किती आणि वर किती, असे दोन आकडे सांगितले की कागदावरची एकच एक जागा ठरते. पहिला आकडा नेहमी आडवा, दुसरा नेहमी उभा, आणि दोहोंच्या मध्ये स्वल्पविराम. '४०,३०' म्हणजे मूळ दगडापासून उजवीकडे ४० आणि वर ३०. डावीकडे किंवा खाली जावयाचे असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह लावावे. फ्रान्सचा तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात आकृत्यांना अशा आकड्यांच्या भाषेत बांधण्याची वाट दाखवली. आपली मुले इयत्ता नववीत 'निर्देशक भूमिती' या नावाने हेच शिकतात. तेव्हा, शिक्षक मित्रांनो, ज्या विद्येचा मुलांना पुढे काय उपयोग असे आपणांस कधी वाटले असेल, तिचा उपयोग हा असा आहे.

दिशाही आकड्यांनीच सांगावयाची असते. उजवीकडची दिशा शून्य अंशाची. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत गेले की सरळ वर ९० अंश, डावीकडे १८० अंश, सरळ खाली २७० अंश. एवढे पाठ करून टाकावे.

दोन सावधगिऱ्या आधीच सांगून ठेवतो. पहिली मापाची. आपण ३०० म्हटले तर ते तीनशे काय? मिलिमीटर, इंच की फूट? रेघ ओढताना यंत्र फक्त आकडा धरते. आपल्याकडे लोहारकाम आणि सुतारकाम अजून पुष्कळदा इंच आणि सुतात बोलतात, आणि यंत्राचे काम मिलिमीटरमध्ये चालते. इंचाच्या हिशेबाने काढलेला आराखडा कापणाऱ्याने मिलिमीटर समजून घेतला तर वस्तू २५.४ पटीने लहान निघेल. म्हणून कामाच्या आरंभीच माप ठरवावे आणि आराखड्यावर ते लिहूनही ठेवावे. दुसरी सावधगिरी स्वल्पविरामाची. तीन हजार सहाशे लिहिताना आपण ३,६०० असे लिहितो. संगणकाला असे सांगितले तर तो त्याचा अर्थ उजवीकडे ३ आणि वर ६०० असा घेईल! आकडा मोठा असला तरी सलग ३६०० असाच लिहावा.

आता आज्ञा म्हणजे काय ते पाहू. पडद्याच्या तळाशी एक ओळ असते. तेथे आपण आज्ञेचे नाव टंकावयाचे आणि एंटरची कळ दाबावयाची. मग यंत्र त्याच ओळीत प्रश्न विचारते आणि आपण उत्तर देतो. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. नवख्या मुलांची खोड अशी, की ती तळाची ओळ वाचीतच नाहीत. नुसता माऊस फिरवत राहतात आणि मग "यंत्र ऐकत नाही" म्हणून तक्रार करतात. यंत्र तर बिचारे उत्तराची वाट पाहत असते. म्हणून पहिला धडा हा, की तळाची ओळ वाचा. येथे मी आज्ञा नागरी लिपीत देत आहे. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत आणि आकडेही इंग्रजी वळणाचेच टंकावयाचे असतात, हे सांगणे नलगे.

उदाहरण घरचेच घेऊ. गोठ्यावर शेड घालावयाची आहे. लोखंडी खांबाच्या बुडाला एक चौकोनी प्लेट असते, तिला बेसप्लेट म्हणतात. पायाच्या काँक्रीटमध्ये चार बोल्ट आधीच पुरून ठेवतात आणि प्लेटची चार भोके त्या बोल्टांवर उतरवून वरून नट आवळतात. समजा प्लेट २८० मिलिमीटर लांब आणि २३० मिलिमीटर रुंद आहे. बोल्ट १६ मिलिमीटरचे, म्हणून भोके १८ मिलिमीटर व्यासाची. प्रत्येक भोकाचा मध्य दोन्ही कडांपासून ४० मिलिमीटर आत.

आधी प्लेटची बाहेरची कड काढू. आज्ञा 'लाइन', तिचे लघुरूप 'एल'. एल टंकून एंटर दाबा. यंत्र पहिला बिंदू विचारील. उत्तर '०,०'. पुढचा बिंदू विचारील, '२८०,०' सांगा. मग '२८०,२३०'. मग '०,२३०'. प्रत्येक उत्तरानंतर एंटर. शेवटी पुन्हा '०,०' न सांगता नुसते 'सी' सांगा. सी म्हणजे 'क्लोज', चौकट मिटव. यंत्र शेवटची रेघ नेमकी पहिल्या बिंदूवर आणून मिटवते. माऊसने अंदाजे टेकवली तर डोळ्यांना मिटलेली दिसेल, पण आत केसाएवढी फट राहू शकते, आणि कापणाऱ्या यंत्राला फट असलेली कड ही बंद कड वाटत नाही.

ही झाली मूळ दगडापासून मोजण्याची रीत. पण गवंडी काही प्रत्येक खुंटी पहिल्या खुंटीपासून मोजत नाही. तो म्हणतो, "इथून पुढे बारा फूट." यंत्रालाही तसे सांगता येते. आकड्यांच्या आधी '@' हे चिन्ह लावले की त्याचा अर्थ 'आता आहोत तेथून'. म्हणजे ०,० पासून आरंभ करून '@२८०,०', मग '@०,२३०', मग '@-२८०,०' आणि शेवटी सी. तिसरी रीत अंतर आणि दिशा सांगण्याची. '@२८०<०' म्हणजे येथून २८० अंतर, शून्य अंशाच्या दिशेला. मग '@२३०<९०', मग '@२८०<१८०' आणि सी. तिन्ही रीतींनी चौकट एकच येते. कोणती वापरावी हे हातात आलेल्या मापांवरून ठरते. छपराच्या तिरप्या कैचीचे माप लांबी आणि कोनात दिलेले असेल तर तिसरी रीत सोयीची. उजवे-वरचे हिशेब आयते असतील तर पहिली किंवा दुसरी.

येथे एक खाचखळगा आहे. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बाणाशेजारी लहान लहान चौकटी उमटतात आणि आकडा त्यांत टंकला जातो. ही सोय चालू असताना दुसऱ्या बिंदूपासून पुढचे आकडे यंत्र 'आता आहोत तेथून' असेच समजते, '@' लावले नाही तरी. पहिल्या रीतीने आकडे देत असताना चौकट भलतीकडेच पळू लागली, तर कारण बहुधा हेच असते. एफ १२ ही कळ दाबली की ती सोय बंद होते.

चौकोन इतका वारंवार लागतो की त्यासाठी वेगळी आज्ञाच आहे. 'रेक्टँग', लघुरूप 'आरईसी'. तिला फक्त समोरासमोरचे दोन कोपरे हवेत. पहिला '०,०', दुसरा '@२८०,२३०'. झाली चौकट. मग लाइनची खटपट कशाला, असे वाटेल. फरक असा, की लाइनने काढलेल्या चार रेषा या चार सुट्या काठ्या असतात, आणि रेक्टँगने काढलेली चौकट ही एकसंध कडी असते. काठ्यांपैकी एक उचलून दूर करता येते. कडी उचलली तर सबंध उचलली जाते. प्लेटच्या कडेसाठी कडी बरी.

आता भोके. आज्ञा 'सर्कल', लघुरूप 'सी'. आपण म्हणाल, सी तर मघाशी चौकट मिटवण्यासाठी वापरला. खरे आहे. रेघ काढणे चालू असताना सी म्हणजे मिटव, आणि काही चालू नसताना सी म्हणजे वर्तुळ. घरातही एकच शब्द वेळ पाहून वेगळा अर्थ देतो, तसेच हे. यंत्र वर्तुळाचा मध्य विचारील. उत्तर '४०,४०'. मग ते त्रिज्या विचारील. आणि येथेच पुष्कळ पोरे घसरतात. कारखान्यात भोकाचे माप नेहमी व्यासाने बोलतात. ड्रिलवर १८ लिहिलेले असते ते व्यासाचे. यंत्र मात्र त्रिज्या विचारते. घाईने १८ सांगितले की ३६ मिलिमीटरचे भोक पडते आणि १६ चा बोल्ट त्यात खुळखुळतो. म्हणून एक तर ९ सांगा, नाही तर आधी 'डी' टंकून एंटर दाबा. डी म्हणजे डायमीटर, व्यास. मग यंत्र व्यास विचारील, तेव्हा १८ सांगा. मला विचाराल तर ही दुसरी रीत बरी, कारण कागदावर जो आकडा आहे तोच तोंडी राहतो.

उरलेले तीन मध्य असे : '२४०,४०', '२४०,१९०' आणि '४०,१९०'. दुसऱ्या वर्तुळाच्या वेळी यंत्र मागचा आकडा कंसात दाखवते. तोच हवा असेल तर नुसते एंटर दाबावे. एकसारखी चार भोके करताना ही मोठीच सोय आहे.

आकृती पडद्याबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली तर घाबरू नये. 'झूम' ही आज्ञा, लघुरूप 'झेड', एंटर, मग 'ई', एंटर. जेवढे काढले आहे तेवढे सगळे पडद्यात मावून दिसू लागते. चुकले तर 'यू' टंकून एंटर दाबावे, शेवटचे काम परत घेतले जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पडताळा. गवंड्याने कर्ण मोजल्याशिवाय दोरी सोडू नये, तसे आपण पडताळा घेतल्याशिवाय आराखडा हातावेगळा करू नये. या प्लेटमध्ये भोकांच्या मध्यांमधले आडवे अंतर २०० आहे आणि उभे १५०. मग तिरपे अंतर किती असावे? २०० चा वर्ग ४०,०००, १५० चा वर्ग २२,५००, बेरीज ६२,५००, आणि तिचे वर्गमूळ २५०. गवंड्यांचा तीन-चार-पाचचा हिशेब तो हाच, फक्त पन्नास पटीने मोठा. आपल्या प्राचीन शुल्बसूत्रांतही यज्ञवेदी आखण्यासाठी दोरी आणि कर्णाचा हिशेब आहे. शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी.

यंत्राकडून हे अंतर विचारून घेण्याची आज्ञा 'डिस्ट', लघुरूप 'डीआय'. ती दोन बिंदू विचारते. येथे आकडे टंकू नयेत. आपणच ४०,४० आणि २४०,१९० सांगितले तर यंत्र २५० म्हणणारच. तो पडताळा नव्हे, ती आपल्या उत्तराला आपणच दिलेली शाबासकी झाली. म्हणून 'सेन' टंकून एंटर दाबावे आणि पहिल्या भोकाच्या कडेवर माऊस टेकवावा. यंत्र त्या वर्तुळाचा खरा मध्य पकडते. समोरच्या तिरप्या भोकालाही तसेच. उत्तर २५० आले पाहिजे. दुसऱ्या तिरप्या जोडीचेही २५० आले पाहिजे. न आले तर एखादे भोक हललेले आहे. १६ च्या बोल्टाला १८ चे भोक म्हणजे चोहोबाजूंनी अवघी एक मिलिमीटर मोकळीक. भोकांच्या जोडीत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडला, तर काँक्रीटमध्ये पक्के झालेले बोल्ट हलत नाहीत आणि प्लेट उतरत नाही. मग भोक जाळून मोठे करा, बोल्ट वाकवा, अशी रड सुरू होते. दोन मिनिटांच्या पडताळ्याने ती टळते.

नटाची आकृती काढण्यासाठी 'पॉलिगॉन' ही आज्ञा आहे, लघुरूप 'पीओएल'. सगळ्या बाजू सारख्या असलेली बहुभुजाकृती ती काढते. यंत्र विचारील, बाजू किती? उत्तर ६. मध्य कोठे? बोल्टाचा मध्य सांगा. मग ते एक नवलाचा प्रश्न विचारते : आकृती वर्तुळाच्या आत बसवावयाची, की वर्तुळाला बाहेरून वेढावयाची? आत म्हणजे 'आय', बाहेरून म्हणजे 'सी'. हा प्रश्न पोकळ नाही. १६ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाला २४ नंबरचा पाना लागतो. म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर २४ मिलिमीटर. या सपाट बाजू ज्याला टेकतात ते वर्तुळ नटाच्या आतले, त्याची त्रिज्या १२. म्हणून उत्तर सी, आणि त्रिज्या १२. चुकून आय सांगितले तर नटाचे कोपरे त्या वर्तुळावर येतील, आणि सपाट बाजूंमधले अंतर २४ ऐवजी जेमतेम २०.८ भरेल. कागदावर दोन्ही षट्कोन सारखेच गोजिरे दिसतात, पण एकाला पाना बसतो आणि दुसऱ्यावर तो सैल फिरतो. यंत्र नवे असताना नुसते एंटर दाबले तर ते आय धरते. तेव्हा येथे प्रश्न वाचूनच उत्तर द्यावे.

शेवटचा आकार कमान. दाराच्या ९०० मिलिमीटर रुंदीवर १५० मिलिमीटर उंचीची कमान घालावयाची आहे. गवंड्याचा प्रश्न असतो, दोरी किती लांब घेऊ आणि खिळा कोठे मारू? 'आर्क' ही आज्ञा द्या, लघुरूप 'ए'. पहिला बिंदू '०,०', दुसरा '४५०,१५०', तिसरा '९००,०'. तीन बिंदूंतून जाणारा कंस तयार. आता 'लिस्ट' ही आज्ञा देऊन त्या कंसावर माऊस टेकवा आणि एंटर दाबा. यंत्र त्रिज्या सांगेल ७५०. म्हणजे दोरी ७५० मिलिमीटरची, आणि खिळा रुंदीच्या बरोबर मध्यावर, कमान जेथून सुरू होते त्या पातळीच्या ६०० मिलिमीटर खाली. ताळा पाहा : अर्धी रुंदी ४५०, खाली ६००, तिरपे ७५०. पुन्हा तोच तीन-चार-पाच.

नैकरेषीय तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते, असे मुले शाळेत पाठ करतात. कमान हा त्या प्रमेयाचाच वापर आहे. मोडलेल्या पुलीचा नुसता तुकडा हाती असला तरी त्याच्या कडेवरच्या तीन जागा मोजून 'सर्कल' आज्ञेत '३पी' सांगितले, तर पुऱ्या पुलीचा व्यास निघतो. प्रमेय पाठ केलेल्या मुलाला हे एकदा करून दाखवा, मग ते तो जन्मात विसरणार नाही.

शिक्षक मित्रांनो, आपल्या शाळेत संगणक नसेल, किंवा असूनही चालत नसेल, तरी हा धडा अडत नाही. आलेखाचा कागद घ्या. १ सेंटिमीटरला २० मिलिमीटर असे प्रमाण धरा, म्हणजे आपली प्लेट १४ सेंटिमीटर लांब आणि साडेअकरा सेंटिमीटर रुंद होईल. एका मुलाला 'यंत्र' करा. त्याने तोंड उघडावयाचे ते फक्त प्रश्न विचारण्यासाठी, आणि सांगितले तेवढेच काढावयाचे, आपल्या मनाचे काहीही नाही. बाकीच्या मुलांनी पाळीपाळीने आज्ञा द्यावयाची. "इकडे जरा वर," असे कोणी म्हटले तर यंत्राने हात थांबवून विचारावे, "किती?" पाच-दहा मिनिटांत वर्गाच्या ध्यानात येते, की 'जरा', 'थोडे', 'अंदाजे' हे शब्द येथे चालत नाहीत. शाळेच्या मैदानावर खुंट्या आणि सुतळी घेऊन हाच खेळ मोठ्या मापाने करता येतो. तीन, चार आणि पाच मीटरच्या दोऱ्यांनी काटकोन साधावा, एक खुंटी मध्य धरून वर्तुळ फिरवावे, तीन खुंट्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा मध्य शोधावा. असा सराव झालेले मूल पुढे संगणकापुढे बसले तर त्याला फक्त आज्ञांची नावे नवी असतील. आत काय चालले आहे, ते त्याला आधीच कळलेले असेल.

आणि पालकांना एक सांगणे. मुलगा किंवा मुलगी हे काम शिकत असेल तर त्याला पडद्यावरचे चित्र किती सुंदर आहे एवढेच विचारू नका. विचारा, माप कशात धरले? भोक त्रिज्येने दिले की व्यासाने? कर्ण पडताळून पाहिला का? हे तीन प्रश्न विचारण्यासाठी आपणांस संगणक येण्याची गरज नाही. शेत मोजणाऱ्या, घर बांधणाऱ्या, औत जुळवणाऱ्या माणसाला ते आधीपासूनच येतात. यंत्राची सांगितल्याबरहुकूम काम करण्याची ताकद मोठी आहे. पण काय सांगावयाचे हे ठरवणे आणि सांगितले ते बरोबर होते की नाही हे पाहणे, या दोन्ही गोष्टी अजून माणसाकडेच आहेत, आणि ज्याला त्या नीट जमतात त्याच्या हाती आराखडा निर्धास्तपणे सोपवावा.